चंद्रज्योत

चंद्रज्योत (शास्त्रीय नाव: जट्रोफा कुर्कस) ही एरंडाच्या कुळातील, म्हणजे युफोर्बिएसी कुळातील, एक विषारी झुडूपवजा वनस्पती आहे. मराठीत तिला मोगली एरंड, वनएरंड व रानएरंड अशीही नावे आहेत. तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागत असल्याने लहान मुले त्या आवडीने खातात. महाराष्ट्रात शाळकरी मुलांना एकाच वेळी विषबाधा होण्याच्या घटनांत या बियांचा उल्लेख वारंवार येतो.

उगम व प्रसार

ही वनस्पती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. पोर्तुगीज दर्यावर्दींमार्फत ती आफ्रिका व आशिया खंडांत पोहोचली. कार्ल लिनियस याने 1753 मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. 'जट्रोफा' हे नाव 'वैद्य' व 'अन्न' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. प्रत्यक्षात मात्र तिची बी अन्न म्हणून घातक आहे. गुरे तिचा पाला सहसा खात नाहीत, म्हणून शेताच्या बांधावर व कुंपणाला ती पूर्वीपासून लावली जाते. 2003 नंतर जैवइंधनासाठी भारतात तिच्या लागवडीला शासकीय प्रोत्साहन मिळाले. परंतु अपेक्षित उत्पन्न न मिळाल्याने अनेक ठिकाणची लागवड दुर्लक्षित राहिली.

ओळख

झुडूप साधारणतः 3 ते 5 मीटर उंच वाढते. पाने रुंद, हृदयाकृती व 3 ते 5 उथळ खंडांची असतात. फुले लहान व पिवळसर हिरवी असतात. फळ प्रथम हिरवे, पिकल्यावर पिवळे व वाळल्यावर काळपट होते. त्यात बहुधा तीन काळ्या, लांबट बिया असतात. बीचे टरफल काढल्यावर आत पांढरा, तेलकट गर दिसतो. पावसाळ्यात फुलोरा येऊन सुमारे तीन महिन्यांनी फळे पिकतात.

विषारी घटक

बियांमध्ये फोर्बोल एस्टर ही संयुगे व कर्सिन हे प्रथिन असते. कर्सिन हे एरंडातील रिसिनच्या जातीचे आहे. मात्र रिसिनला पेशीत शिरण्यास साहाय्य करणारी दुसरी साखळी त्यात नसल्याने ते तुलनेने सौम्य ठरते. कर्सिन उष्णतेने निष्प्रभ होते. फोर्बोल एस्टर मात्र उष्णतेतही टिकतात. त्यामुळे बिया भाजल्याने वा उकडल्याने त्या निर्धोक होत नाहीत. मेक्सिकोतील काही भागांत बिया भाजून खाल्ल्या जातात, परंतु तो फोर्बोल एस्टरचे प्रमाण अत्यल्प असलेला निराळा वाण आहे.

लक्षणे व उपचार

बिया खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून काही तासांत मळमळ, वारंवार उलट्या, पोटदुखी, घशात जळजळ व जुलाब सुरू होतात. शरीरातील पाणी कमी होणे हा मुलांच्या बाबतीत मुख्य धोका असतो. या विषावर विशिष्ट उतारा नाही. शिरेवाटे द्रव देणे व लक्षणांनुसार उपचार करणे हीच पद्धत आहे. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक मुले एक-दोन दिवसांत बरी होतात. रुग्णाला मिठाचे पाणी पाजून अथवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे (महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108) व उरलेल्या बिया किंवा फळे वैद्यांना दाखवावीत. मुले बिया वाटून खातात. म्हणून एकाला त्रास झाल्यास त्याच्या सोबत्यांचीही चौकशी करावी.

जनावरे व पाळीव प्राणी

शेळ्या, गुरे व कोंबड्या यांनाही बिया विषारी आहेत. तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत विष शिल्लक राहते, त्यामुळे प्रक्रिया न केलेली पेंड जनावरांना घालता येत नाही. ती खत म्हणून वापरली जाते. मातीत फोर्बोल एस्टरचे हळूहळू विघटन होते; तोपर्यंत पेंड मातीखाली नीट गाडलेली असावी. तिची पोती कुत्री व कोंबड्या यांच्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

खबरदारी

शाळा, अंगणवाडी व खेळाच्या मैदानांलगत ही वनस्पती लावू नये. असलेली झुडपे फळे धरण्यापूर्वी काढावीत व गळलेल्या बिया वेचून नष्ट कराव्यात. पानाच्या देठातील चिकाचे फुगे उडवण्याचा खेळ मुलांमध्ये रूढ आहे. त्यातून या झाडाशी त्यांची जवळीक वाढते. चीक त्वचेला व डोळ्यांना दाहकही असतो. मुलांना प्रत्यक्ष झाड दाखवून त्याची ओळख करून देणे हा उपयुक्त उपाय आहे.