'मेर्सेदेस': एका स्पॅनिश मुलीच्या नावाचा इतिहास

प्रस्तावना

'मर्सिडीज' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर मोटारगाडी उभी राहते. पण हे नाव मोटारीच्या जन्मापूर्वी काही शतके स्पेनमध्ये मुलींना ठेवले जात होते. व्यक्तिनावे हेही इतिहासाचे साधन असते. एखादे नाव कोणी ठेवले, कोणी पसरवले आणि कोणी नाकारले हे तपासले, तर त्या समाजातील धर्म, भाषा व सत्ता यांचे संबंध उलगडतात. प्रस्तुत पाठात आपण ते 'मेर्सेदेस' या नावाच्या आधारे पाहू.

१. शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत 'मेर्सेस' म्हणजे मजुरी, मोबदला. ख्रिस्ती लेखनात त्याला 'कृपा', 'दया' असा अर्थ आला. त्यातूनच स्पॅनिश 'मेर्सेद', फ्रेंच 'मेर्सी' आणि इंग्रजी 'मर्सी' हे शब्द निघाले. 'मेर्सेदेस' हे 'मेर्सेद'चे अनेकवचन, म्हणजे 'अनेक कृपा'. स्पॅनिशमधील आदरार्थी 'उस्तेद' (आपण) हे सर्वनामही 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. गोव्यात पणजीजवळच्या मेरशी गावाचे 'मेर्सेस' हे नाव याच शब्दाचे पोर्तुगीज रूप होय.

२. बंदिवानांची सुटका

मोबदला आणि दया हे दोन अर्थ एकत्र कसे नांदले, याचे उत्तर बार्सेलोनाच्या इतिहासात मिळते. मध्ययुगात भूमध्य सागराच्या दोन्ही काठांवर युद्धे व चाचेगिरी चाले. पकडलेली माणसे गुलाम म्हणून विकली जात किंवा खंडणीसाठी अडकवून ठेवली जात. ख्रिस्ती आणि मुस्लिम, दोन्ही बाजूंची माणसे यात सापडत. परंपरेनुसार १२१८ मध्ये पेद्रो नोलास्को यांनी बार्सेलोनात एक संघ स्थापन केला. ख्रिस्ती बंदिवानांना पैसे देऊन सोडवणे हे त्याचे कार्य होते. १२३५ मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली. संघाचे सदस्य ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज चौथे व्रत घेत: गरज पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहणे. संघाची आराध्या 'कृपेची माता' मारिया, म्हणजेच 'मारिया दे लास मेर्सेदेस'. पुढे ती बार्सेलोनाची संरक्षक देवता झाली. २४ सप्टेंबरचा तिचा उत्सव आजही त्या शहराचा सर्वांत मोठा उत्सव आहे.

३. नामकरणाची पद्धत

स्पेनमध्ये मुलींना नुसते 'मारिया' न म्हणता मारियेच्या एखाद्या रूपासह नाव देण्याची रीत रुजली. मारिया दे लोस दोलोरेस (दुःखांची), मारिया देल पिलार (स्तंभाची), मारिया दे लास मेर्सेदेस ही त्याची उदाहरणे. व्यवहारात 'मारिया' गळून उरलेला भाग रूढ झाला. म्हणून 'पिलार' हे व्याकरणाने पुल्लिंगी नाम असूनही मुलीचे नाव ठरते आणि 'मेर्सेदेस' अनेकवचनी असूनही एकाच मुलीला शोभते. घरात हीच मेर्सेदेस 'मेर्चे' होते.

४. प्रसार

नाव राजघराण्यातही होते. राजा आल्फोन्सो बारावा याने १८७८ च्या जानेवारीत मारिया दे लास मेर्सेदेस हिच्याशी विवाह केला. जूनमध्ये, अठरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, ती मरण पावली. राजाने दुसऱ्या पत्नीपासून झालेल्या पहिल्या मुलीला तिचेच नाव दिले. स्पॅनिश सत्तेबरोबर हे नाव लॅटिन अमेरिकेतही पोहोचले. अर्जेंटिनाच्या विख्यात गायिका मेर्सेदेस सोसा (१९३५–२००९) सर्वपरिचित आहेत.

मोटारीचा संबंध मात्र स्पेनशी नाही. एमिल येलिनेक हा व्हिएन्नातील एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा. डाइमलर कंपनीच्या गाड्या विकणाऱ्या या व्यापाऱ्याने १८८९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव गाडीला दिले. १९०२ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले.

५. नाव आणि सत्ता

कॅटलान भाषेत याच नावाचे रूप 'मेर्से' असे आहे. कादंबरीकार मेर्से रोदोरेदा (१९०८–१९८३) यांचे नाव तसेच आहे. स्पॅनिश यादवी युद्धाच्या काळात, १९३८ मध्ये, फ्रँकोच्या राजवटीने नावे कास्तीलियन भाषेतच नोंदवावीत असा आदेश काढला. परिणामी बार्सेलोनातील आईला, आपल्याच शहराच्या देवतेचे नाव आपल्याच भाषेत मुलीच्या जन्मनोंदीत लिहिता येईना. घरात 'मेर्से', कागदावर 'मेर्सेदेस' अशी दुहेरी ओळख घेऊन मुली वाढल्या. १९७७ च्या कायद्याने स्पेनमधील इतर भाषांतील नावांना नोंदणीत पुन्हा वाट मिळाली.

समारोप

आज स्पेनमध्ये नवजात मुलींसाठी लुसिया, सोफिया, मार्तिना ही नावे अधिक पसंत केली जातात. मेर्सेदेस हे आजीच्या पिढीचे नाव वाटते. तरी या एका शब्दात मजुरी, खंडणी, भक्ती, राजकारण आणि बाजार यांचे थर एकावर एक साचले आहेत. मुलीला काय हाक मारायची हे घर ठरवते. पण ती हाक कागदावर कशी उमटेल, हे अनेकदा सत्ता ठरवते. आपल्या वर्गाची हजेरीपटावरील नावे एकदा या दृष्टीने वाचून पाहा.

स्वाध्याय

१. 'मेर्सेद' शब्दाचा अर्थ मजुरीकडून कृपेकडे कसा सरकला ते सांगा.
२. १९३८ च्या आदेशाचा कॅटलान भाषकांवर काय परिणाम झाला?
३. आपल्या घरातील तीन पिढ्यांची नावे लिहून त्यांतील बदलांची कारणे शोधा.