दामाजीपंतांच्या दारी आलेला अनोळखी

दुष्काळाला माणसाचे नाव मिळावे, आणि तेही माणसे जगवणाऱ्याचे, हे फारसे कुठे ऐकायला मिळत नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला ते भाग्य आले. 1460 च्या सुमारास दख्खनेत जो दुष्काळ पडला तो 'दामाजीपंतांचा दुष्काळ' म्हणूनच ओळखला जातो.

दामाजीपंत हे बहामनी राज्यातले मंगळवेढ्याचे अंमलदार. राजधानी बेदर. मंगळवेढ्याची जमीन काळी, रब्बी ज्वारीची. सरकारचे धान्य तिथेच साठवलेले. बाहेर माणसे अन्नाला मोताद आणि आत कोठारे भरलेली, अशी ती वेळ होती.

कीर्तनात ही कथा आपण सर्वांनीच ऐकली आहे. पण आपल्याला गोडी लागते ती मोहरांच्या थैलीची. त्याआधी जे घडले तिकडे लक्ष कमी जाते, आणि आमच्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

महिपतीबुवांनी 1762 साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आली आहे. पंढरपूरचा एक गरीब ब्राह्मण पंतांच्या दारी येतो. ओळख ना पाळख. पंतांनी त्याला पानावर बसवले, पण घास काही उतरेना, डोळ्यांना धार लागलेली. विचारले तेव्हा कळले, घरी बायकापोरे उपाशी आहेत. पंतांनी त्याच्या घरी धान्य धाडले. पंढरीत ते दिसताच भुकेल्यांनी लुटून नेले. मग लोकच मंगळवेढ्याला लोटले आणि पंतांनी कोठारे उघडली.

इथे जरा थांबावे, माउली. पंत विठ्ठलाचे भक्त आधीपासून होतेच. पूजा, नामस्मरण रोजचे होते. पण धान्य त्यांचे नव्हते, बादशहाचे होते. 1460 हे साल धरले तर त्या वेळी बेदरच्या तख्तावर हुमायून शहा होता, ज्याला इतिहासाने 'जालीम' म्हटले. म्हणजे कुलूप काढायचे ते मान पुढे करूनच. थैली घेऊन कोणी येईल याची तेव्हा पंतांना काय कल्पना? त्यांची भक्ती खरी ठरली ती देवघरात नव्हे, परक्या माणसाच्या न उतरलेल्या घासापुढे. आपल्यातल्या ज्या म्हाताऱ्यांनी बहात्तर सालचा दुष्काळ काढला, खडी फोडली, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली, त्यांना हे समजावून सांगायला नको.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पंतांना धरून बेदरला नेले जात असता विठू महार दरबारात हजर झाला, सारी रक्कम भरली, पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत निघाली. पंतांनी चाकरी सोडली ती कायमची.

त्या वेशाविषयी मात्र थोडे बोलायला हवे. याच मंगळवेढ्यात 1338 साली, कूस बांधण्याच्या कामावर असता भिंत कोसळून चोखोबाराय गेले. जिवंतपणी त्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. आणि दामाजींच्या कथेत देव येतो तो नेमका त्यांच्याच जातीचा होऊन, घोंगडी-काठी घेऊन. हे उगीच घडले असे आम्हाला वाटत नाही. तरीसुद्धा देऊळ सर्वांना मोकळे व्हायला 1947 साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. विठू महाराची कथा ऐकून डोळे पुसणारे तोवर काही कमी नव्हते.

आमच्या दिंडीत जुन्या विणेकऱ्यांनी एक दंडक घातला आहे. पंगतीला कोणी अनोळखी येऊन बसला तर जेवण होईपर्यंत त्याचे नाव-गाव विचारायचे नाही. नवीन वाढप्याला पहिल्याच दिवशी हे सांगितले जाते. ओळीच्या टोकाला दोन पत्रावळी जास्त मांडतात, आणि बहुतेक मुक्कामांवर त्या रिकाम्या राहत नाहीत.