मोशेचे ‘सहावे’ आणि ‘सातवे’ पुस्तक : प्रार्थना कोठे संपते आणि मंत्रविद्या कोठे सुरू होते?

१/ उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. बायबलच्या आरंभीची ही पाच पुस्तके परंपरेने मोशेची मानली जातात. सहावे पुस्तक नाही. तरीही १८४९ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे योहान शाइबले या प्रकाशकाने ‘मोशेचे सहावे आणि सातवे पुस्तक’ छापले आणि पुढील शंभर वर्षांत ते अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पसरले. एका संदेष्ट्याचे नाव मंत्रविद्येच्या पोथीवर कसे आले, आणि श्रद्धेची प्रार्थना या साऱ्यापासून कोठे वेगळी पडते, याविषयी हा थ्रेड.

२/ या पुस्तकात कथा नाही आणि नीतिनियमही नाहीत. आहेत त्या आत्म्यांना बोलावण्याच्या मुद्रा, आकृत्या, हिब्रू भासणाऱ्या अक्षरांच्या रांगा आणि आवाहनाची सूत्रे. फारोसमोर मोशेने जे चमत्कार केले त्यांचे गुपित येथे उघड केले आहे, असा त्याचा दावा. प्रत्यक्षात हा मजकूर जर्मन प्रदेशांत हस्तलिखितांतून फिरणाऱ्या जादूच्या पोथ्यांच्या जातकुळीतला आहे.

३/ मोशेच का? त्याचे बीज बायबलच्या कथेतच आहे. निर्गमात अहरोनाची काठी साप होते. फारोचे जादूगारही आपल्या काठ्यांचे साप करतात. मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्यांत निपुण होता, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात स्तेफन सांगतो. पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी तर जादूविद्येची एक शाखा थेट मोशेपासून निघाली असे लिहितो. बाहेरच्यांच्या नजरेत संदेष्टा आणि जादूगार यांत फारसा भेद उरला नव्हता.

४/ याचा पुरावा इजिप्तच्या वाळूत टिकून राहिला. नेदरलँड्समधील लायडन येथील संग्रहालयात चौथ्या शतकातील एक ग्रीक पपायरस आहे. तो स्वतःला ‘मोशेचे आठवे पुस्तक’ म्हणवतो! अदृश्य होणे, बेड्यांतून सुटणे, मगरीवर बसून पाणी ओलांडणे असे त्याचे प्रयोग. दुसऱ्या एका पपायरसात मांत्रिक ‘मीच तुझा संदेष्टा मोशे’ अशा अर्थाचा दावा करून देवाला पाचारण करतो. श्टुटगार्टच्या पुस्तकाच्या दीड हजार वर्षे आधीच ही प्रथा रूढ होती.

५/ यातील विसंगती मोठी आहे. ज्या मोशेच्या नावाने हे प्रयोग खपले, त्याच्याच नावावरील अनुवादाच्या १८व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे आणि मृतांना विचारणारे यांचा स्पष्ट निषेध आहे. ‘सहावे पुस्तक’ पाचव्या पुस्तकाच्या विरोधातच उभे राहते.

६/ मग बायबलमधील मोशे प्रार्थना कशी करतो? बहीण मिर्याम हिला कोड फुटले तेव्हा त्याने केलेली प्रार्थना मूळ हिब्रूत अवघ्या ५ शब्दांची आहे. तीत गुप्त नाव नाही, मुद्रा नाही. ‘हिला बरे कर’ एवढीच विनवणी. तिलाही लगेच फळ आले नाही. मिर्यामला ७ दिवस छावणीबाहेर राहावे लागले. सोन्याच्या वासरानंतर लोकांसाठी क्षमा मागताना तो स्वतःचे नाव पुसले गेले तरी चालेल, असे म्हणतो.

७/ त्याची सर्वांत मोठी विनंती मात्र फेटाळली गेली. यार्देन ओलांडून वचनदत्त देशात जाऊ दे, अशी त्याने याचना केली. हा विषय पुन्हा काढू नकोस, असे उत्तर मिळाले. नबो डोंगरावरून तो देश त्याने डोळ्यांनी पाहिला आणि तेथेच तो मरण पावला. ख्रिस्ती परंपरेत याच्या जोडीने गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना आठवते. प्याला टळावा अशी इच्छा तीत आहे, पण शेवटचा शब्द पित्याच्या इच्छेवर सोडलेला आहे. प्याला टळला नाही.

८/ पवित्र वस्तूचे तोडग्यात रूपांतर होण्याचा धोका बायबललाही ठाऊक होता. मोशेने अरण्यात उभारलेल्या पितळी सर्पापुढे पुढे लोक धूप जाळू लागले. यहूदाचा राजा हिज्कीया याने इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीच्या काळात तो फोडून टाकला. वस्तू खुद्द मोशेची असूनही तिची गय झाली नाही.

९/ येशूच्या नावाचेही तेच झाले. प्रेषितांची कृत्ये, १९वा अध्याय : इफिस येथे स्किवाचे ७ पुत्र ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने’ भुते काढू पाहतात. भूतग्रस्त माणूस त्यांनाच बदडून पळवून लावतो. त्यानंतर अनेकांनी आपली जादूची पुस्तके जाहीरपणे जाळली. त्यांची किंमत ५०,००० रौप्य नाणी भरली. नाव तेच, पण ते उच्चारणाऱ्याचे त्या नावाशी नाते नव्हते, हा या कथेचा रोख.

१०/ भेदाची खूण येथे सापडते. शब्द, नावे, स्तोत्रे दोन्हीकडे सारखी असू शकतात. प्रार्थनेत ‘नाही’ हे उत्तर शक्य असते आणि प्रार्थना करणारा ते सोसतो. मंत्राच्या पोथीत त्या उत्तराला जागा नसते. फळ मिळाले नाही, तर उच्चार चुकला, मुहूर्त चुकला किंवा कोणीतरी आडवे आले, असेच समजायचे.

११/ ‘कोणीतरी आडवे आले’ हा समज जीवघेणा ठरू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत शेजारणींवर चेटकीण असल्याचे आरोप होत होते. हँबर्गचे शिक्षक योहान क्रूझ यांनी अशा बायकांची बाजू घेऊन १९५१ मध्ये पुस्तक लिहिले आणि मोशेच्या नावावरील या पोथीवर ठपका ठेवला. १९५६ मध्ये ती छापणाऱ्या प्रकाशकावर ब्राउनश्वाइग येथे खटला चालला.

१२/ मात्र हे पुस्तक बाळगणारा प्रत्येक जण भोंदू होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८८० मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजी आवृत्ती निघाली. पुढे शिकागोच्या डी लॉरेन्स या प्रकाशकामार्फत ते टपालाने कॅरिबियन बेटे आणि पश्चिम आफ्रिकेपर्यंत गेले. गुलामगिरी भोगलेल्यांच्या वंशजांसाठी मोशे हा मुळात मुक्तिदाता होता. त्याच्या काठीत सामर्थ्य शोधणाऱ्यांच्या हाती इतर साधने फार थोडी होती.

१३/ सत्तेची बंदीही निव्वळ धर्मरक्षणासाठी नव्हती. जमैकात ‘ओबिया’ या आफ्रिकी मंत्रपरंपरेवर पहिली बंदी आली ती १७६० मध्ये, टॅकीच्या नेतृत्वाखालील गुलामांच्या उठावानंतर. १९४० मध्ये तेथील वसाहती सरकारने डी लॉरेन्सच्या प्रकाशनांची आयातच रोखली. मळेवाल्यांना आणि अधिकाऱ्यांना भीती आत्म्यांची नव्हती, संघटित माणसांची होती.

१४/ म्हणून कायद्याने ओढलेली रेषा आणि श्रद्धेने ओढलेली रेषा एक नाही. कायदा पुस्तक कोणाच्या हाती आहे ते पाहतो. बायबलची कसोटी मागणाऱ्याला लागू होते, मग त्याच्या हाती पोथी असो वा स्तोत्रसंहिता. ‘सहाव्या’ पुस्तकातील मोशेला कोणीच नकार देत नाही. पाचव्या पुस्तकातील मोशे नकार घेऊन डोंगर चढतो, आणि त्याआधी लोकांना आशीर्वाद देऊन जातो.

(थ्रेड समाप्त)