पुण्याचं नाक, मेलबर्नचा घुमट

कर्करोगात काढलेल्या स्तनाच्या जागी रुग्णाच्याच चरबीतून नवा स्तन वाढवायचा, या संशोधनाचा मूळपुरुष म्हणून बहुतेक जण पाठीवर कान असलेला उंदीर दाखवतात. अमेरिकेतल्या व्हाकांटी बंधूंचा हा प्रयोग 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते हे कूळ चुकीचं लावलंय. खरं मूळ पुण्याजवळ आहे.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं एक पत्र छापलं. इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पत्रात तो शेतकरी मराठा आहे, नाव मात्र पारशी. पत्र लिहिणाऱ्या साहेबानं ऐकताना गफलत केली असणार. वर्षभरानं पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नाक दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बेतला, सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारून तेवढी कातडी सोलली. भुवयांमध्ये मात्र एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली. ती तोडली 25 व्या दिवसाच्या सुमारास. तोवर तिच्यातून रक्त येत राहिलं, म्हणून नाक जगलं.

उंदराचा कान वासराच्या कूर्चापेशींचा होता. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतातच. चरबीचं तसं नाही; केशवाहिनी जरा लांब पडली की पेशी मरते. म्हणून कानाची युक्ती स्तनाला पुरत नाही.

कुणी म्हणेल, इटलीच्या तालियाकोत्सीनं 1597 मध्येच दंडाची कातडी अशी जोडलेली ठेवून नाकं केल्याचं लिहिलं होतं. खरं आहे, पण ती रीत युरोपात मागे पडली होती. लंडनच्या कार्प्यूनं 1814 मध्ये नाक केलं ते पुण्याच्या रीतीनं, कपाळावरून. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी आहे. गालावरून कपाळावर ही उडी कुणा कारागिरानंच मारली असावी, कारण कपाळाला रक्तपुरवठा भरपूर.

नाकावरून स्तनाकडे येतानाचे पुढचे टप्पे परिचित आहेत: 1906 मध्ये शल्यविशारद तान्सिनीनं पाठीचा स्नायू छातीवर फिरवला, 1962 मध्ये सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आला, 1982 मध्ये शल्यविशारद हार्टरॅम्फनं पोटाची चरबी वर आणली.

मग मेलबर्न. वेन मॉरिसन यांच्या चमूनं काखेजवळच्या रक्तवाहिनीला लागलेला चरबीचा तुकडा, न तोडता, अॅक्रिलिकच्या सच्छिद्र घुमटाखाली सरकवला. मोकळी जागा मिळाली की चरबी वाढते, हे प्राण्यांत दिसलं होतं. 2016 मध्ये पाच स्त्रियांवरचे निष्कर्ष आले. एकीतच घुमट भरला, सुमारे 210 मिलिलिटर. ब्रिस्बेनचे हुटमाखर दुसऱ्या वाटेनं गेले: विरघळणारा सांगाडा बसवायचा, त्यात रक्तवाहिन्या शिरू द्यायच्या, चरबी नंतर टोचायची. डुकरांवर हा क्रम तपासून झालाय. पेशी कुठून आणायच्या यावर वाद घालणाऱ्यांपेक्षा, रक्ताची सोय आधी लावणाऱ्यांच्याच हाती हे यश लागेल, अशी माझी खात्री आहे.