कास्पियन समुद्राचे चढउतार

बाकू शहराच्या किनाऱ्यालगत समुद्रांत सबाईल नांवाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. शिर्वानशहांच्या राज्यांत, तेराव्या शतकांत, बांधलेला हा किल्ला पाण्याखालीं गेला आणि सुमारें चार शतकांनीं, अठराव्या शतकाच्या आरंभीं, त्याचे बुरूज पुन्हां दिसूं लागले. १३०६ च्या भूकंपानें तो बुडाला असें सांगतात. भूकंपानें भिंती ढासळतील. पण बुडालेला किल्ला चारशें वर्षांनीं वर यावा, हें काम पाण्याचेंच. (याच बाकूजवळ सुराखानी येथील अग्निमंदिरांत हिंदी व्यापाऱ्यांनीं कोरविलेले देवनागरी लेख आहेत, तेव्हां हा किनारा आपणांस अगदींच परका नव्हे.)

कास्पियनला समुद्र म्हणतात तें त्याच्या विस्तारामुळें. महासागराशीं त्याचा संबंध नाहीं. उलट त्याचें पाणी महासागराच्या पातळीहून आज सुमारें २९ मीटर खालीं आहे. येणाऱ्या पाण्याचा सुमारें चार-पंचमांश भाग एकटी व्होल्गा नदी आणते, आणि जावयास वाट एकच, वाफेची. म्हणून रशियाच्या मैदानांत पाऊस व हिम कमी पडलें, कीं शेंकडों कोस दूर इराणच्या किनाऱ्यावर पाणी मागें सरतें.

१९२९ नंतर असेंच झालें. आधीं अवर्षण, मग व्होल्गेवरील धरणें व पाट. १९७७ पर्यंत पाणी सुमारें तीन मीटर उतरलें. तेव्हां तज्ज्ञांची दृष्टि पूर्वेकडील कारा-बोगाझ-गोल या आखाताकडे वळली. एका अरुंद सामुद्रधुनींतून समुद्राचें पाणी तेथें जातें, वाळवंटी उन्हांत आटतें आणि मागें क्षार ठेवतें. हें पाणी व्यर्थ जातें, तें वांचवावें, असा हिशेब झाला व १९८० सालीं सोव्हिएट सरकारनें बांध घालून ती वाट बंद केली.

परंतु समुद्र १९७८ पासूनच चढूं लागला होता! आखात थोड्याच वर्षांत आटलें, मिठाची धूळ वाऱ्यावर उडूं लागली, आणि त्या क्षारांवर चालणारा उद्योग अडचणींत आला. इकडे समुद्र १९९५ पर्यंत सुमारें अडीच मीटर चढला. ओहोटीच्या काळांत मोकळ्या झालेल्या जमिनीवर ज्यांनीं घरें व रस्ते बांधले, त्यांच्या दारांशीं पाणी आलें. १९९२ सालीं स्वतंत्र तुर्कमेनिस्तानानें तो बांध फोडला. त्या अभियंत्यांना हंसणें सोपें आहे. पण जें जवळजवळ पन्नास वर्षें एकाच दिशेनें चाललें, तें उद्यांही तसेंच चालेल असें कोणाला वाटणार नाहीं?

१९९५ नंतर पाणी पुन्हां उतरूं लागलें आणि अलीकडे तें फारच वेगानें उतरत आहे. या खेपेस पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेमुळें बाष्पीभवनही वाढलें आहे. म्हणून मागल्याप्रमाणें समुद्र आपण होऊन परतेल, या भरंवशावर मीं तरी राहणार नाहीं. अक्ताऊ बंदरांत जहाजांना पुरेसें पाणी राहावें यासाठीं तळाचा गाळ उपसावा लागत आहे. उत्तरेकडील भाग तर इतका उथळ, कीं हातभर पाणी उतरलें तरी किनारा कोसच्या कोस सरकतो. त्याच भागांत हिंवाळ्यांत गोठलेल्या बर्फावर कास्पियनच्या सील माद्या आपलीं पिलें वाढवितात. जगांत दुसरीकडे कोठेंही हा प्राणी नाहीं.