दारफाळणी, बिरडे आणि अनाशी : बेने इस्राएलांच्या सणांची मराठी नावे

अलिबागच्या उत्तरेचे किहीम मराठी वाचकाला बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. एक तिथला किनारा, आणि दुसरे म्हणजे सलीम अलींनी १९३० साली तिथे राहून केलेले सुगरण पक्ष्याचे निरीक्षण. तिसरे कारण एका आडनावात दडलेले आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये बेने इस्राएल समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोवर लेखक हयात नव्हते. केहिमकर म्हणजे किहीमचे. दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर ही या समाजाची आडनावे ओळीने वाचली तर कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच हाती लागतो.

किहीमच्या दक्षिणेला लागूनच नवगाव आहे. परंपरेनुसार या समाजाच्या पूर्वजांचे गलबत इथेच फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरले गेले. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली गेली, आणि वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. गलबत कधी फुटले याबद्दल एकमत नाही. केहिमकरांनी इसवी सनापूर्वी १७५ हे वर्ष धरले. कारण असे की त्यानंतर काही वर्षांतच सुरू झालेला हनुक्का हा सण या समाजाला पूर्वी माहीतच नव्हता. हा तर्क आकर्षक आहे, पण त्यावर फार भार टाकता येत नाही. जुन्या सणांच्या यादीत शाव्हुओथही दिसत नाही, आणि तो तर तोरेतलाच सण. जे विसरले गेले त्यावरून तारीख काढणे अवघडच असते.

मला अधिक मोलाची वाटते ती विसरले न गेलेल्या सणांची यादी. केहिमकरांनी ती नोंदवून ठेवली नसती तर आज आपल्याला फक्त रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह ही हिब्रू नावेच दिसली असती. जुनी नावे अशी आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. ही नावे मोठ्याने म्हणून पाहावीत. एकाही नावात ईश्वर नाही, पुरुषोत्तम नाही, कथा नाही. आहे ते स्वयंपाकघर, दार आणि ताट.

अनाशी ढाकाचा सण म्हणजे पेसाह. मिसरमधून घाईने निघालेल्या इस्राएलांच्या पिठाला आंबायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्या दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही, ही त्यामागची मूळ कथा. कोकणातल्या तेल्याच्या घरात ही कथा पोचली नव्हती, निदान टिकली नव्हती. मात्र घरात आंबट रसाचे एक मडके असे आणि तो रस तोंडी लावायला घेतला जाई. सणाच्या दिवसांत ते मडके झाकून ठेवायचे, एवढे राहिले. निर्बंध टिकला, निर्बंधाचे कारण गेले. बिरड्याचा सण म्हणजे आब महिन्याची नवमी, जेरुसलेमचे मंदिर पाडले गेल्याच्या शोकाचा उपवास. कुलाब्यात त्याचे नाव पडले ते उपवास सोडताना खाल्ल्या जाणाऱ्या वालाच्या बिरड्यावरून. अलिबागकडच्या कडव्या वालांची ख्याती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नाव परके वाटणार नाही. एका शहराच्या विध्वंसाची आठवण मोड आलेल्या वालांपाशी येऊन थांबली.

दारफाळणी म्हणजे दारे लावून घेणे. तिश्री महिन्याच्या दशमीला, योम किप्पूरला, घरातली माणसे पांढरे कपडे घालून, उपाशी राहून, दार बंद करून बसत, आणि बाहेरच्या कोणाशी संपर्क ठेवीत नसत. पूर्वजांचे आत्मे आदल्या दिवशी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात, अशी समजूत होती. तो दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचे. पितृपक्ष आणि शिळासप्तमी माहीत असलेल्या वाचकाला इथे शेजारधर्माचा वास येईल, आणि तो चुकीचा नाही. पण उपवास, पांढरे वस्त्र आणि दशमी या गोष्टी शेजाऱ्याकडून आलेल्या नाहीत.

होळीचा सण हा तर पंचांगाचाच खेळ आहे. पुरीम अदार महिन्याच्या चतुर्दशीला येतो. ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर, तेही अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखणारे. त्यामुळे अदारची चतुर्दशी पुष्कळदा फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास पडते. २०२५ मध्ये १३ मार्चला होळी पेटली आणि त्याच संध्याकाळी पुरीम सुरू झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले. २०२४ मध्येही १२ ऑक्टोबरला तसेच घडले होते. दोन्ही पंचांगांत अधिक महिना एकाच वेळी पडत नाही, त्यामुळे मध्येच ही संगत महिनाभराने तुटते, जशी २०२३ साली तुटली. ज्यांच्याजवळ ना ग्रंथ होता ना स्वतःचे लिखित पंचांग, त्यांनी शेकडो वर्षे आपले दिवस कसे मोजले असतील याचे एक उत्तर इथे असावे. शेजाऱ्याची होळी आली की आपलाही सण आला, असा तो हिशेब.

'नव्याचा सण' या नावाचा अर्थ सहसा 'नव्या वर्षाचा' असा केला जातो, कारण तो रोश हशाना. पण कोकणातल्या माणसाला 'नवे' म्हटले की आधी भात आठवते. आश्विनात हळवे भात तयार होते, दाराला नव्याचे तोरण लागते, पौर्णिमेला नवान्न होते. त्याच तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी खिरीचा सण येई, आणि ती खीर नव्या धान्याची, नारळाच्या रसातली असे. तेव्हा 'नव्याचा' या शब्दात वर्ष आणि भात दोन्ही असावेत, आणि बोलणाऱ्याला त्यांत फरक करण्याची गरज वाटली नसावी, असे मला वाटते.

केहिमकरांची खरी हुशारी नावांच्या वर्गीकरणात दिसते. काही नावे शुद्ध मराठी, तर काही 'रोजा', 'रमजान', 'ऊरूस' अशी फारसी-अरबी वळणाची. नव्याचा रोजा, इलूल महिन्याच्या उपवासांना रमजान, एलियाहू हनाबीचा ऊरूस. यावरून त्यांनी असा तर्क केला की मराठी नावांचे सण मूळचे, आणि मुसलमानी नावांचे सण नंतरच्या पुनरुज्जीवनात आले. हे पुनरुज्जीवन दंतकथा डेव्हिड राहाबी नावाच्या गुरूकडे देते. त्याचा काळ कोणी हजार वर्षांमागचा मानतो, कोणी अठराव्या शतकातला. भाषाशास्त्राला अनुसरून इतिहास लिहिण्याचा हा प्रयत्न त्या काळात फारच धीट म्हणावा लागेल. तरी एक शंका उरतेच. निजामशाही आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या छायेत वाढलेल्या या पट्टीत सगळ्यांचीच मराठी फारसी शब्दांनी भरलेली होती. जुन्या उपवासाला नवे नाव मिळणेही तितकेच शक्य होते. शब्दाचे वय म्हणजे चालीचे वय नव्हे.

राहाबीची दंतकथा मात्र या नावांच्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे टाकले. पर आणि खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले, आणि त्यावरून त्याने हे लोक ज्यू असल्याचे ओळखले. म्हणजे परीक्षा झाली ती स्त्रियांची, आणि चुलीपाशी. त्यानंतर झिराड, राजपूर, शापूर या गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांत काजीपण गेले, आणि पुढे इतिहासात पुरुषच दिसू लागतात. मडके झाकणाऱ्या, वाल भिजत घालणाऱ्या बायकांची नावे कुठे नाहीत. पण सणांची नावे त्यांनीच ठेवली असावीत, असा कयास नावांकडे पाहूनच करावासा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात कथा परत आल्या. १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिले. कोचीचे ज्यू शिक्षक आले. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, आणि मराठी बायबलातून या लोकांनी आपल्याच पूर्वजांची गोष्ट वाचली. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह निघाली. १८८० च्या सुमारास जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. अनाशीचे मडके झाकण्यामागे मोशे होता हे कळले, आणि ते कळताच सणाचे नाव बदलले.

सण आधी आणि कथा नंतर, हा क्रम केवळ कोकणाचा नव्हे. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या १६२१ च्या मेजवानीचा वारसा सांगतात, परंतु त्या मेजवानीला 'पहिले थँक्सगिव्हिंग' म्हटले ते अलेक्झांडर यंग यांनी १८४१ मध्ये, एका तळटीपेत. आभाराचे दिवस न्यू इंग्लंडमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून पाळले जात होते. लिंकन यांनी १८६३ मध्ये राष्ट्रीय दिवस जाहीर केला, आणि कथा सणाला हळूहळू चिकटली. फरक इतकाच की तिथे चिकटलेली कथा कोणी पुराव्यादाखल मागितली नाही.

बेने इस्राएलांकडे ती मागितली गेली. स्थलांतर करून इस्राएलमध्ये गेलेल्या या मराठी भाषकांच्या विवाहाच्या वेळी मातृकुळाची चौकशी करावी, असा आदेश १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी काढला. ग्रंथ नसताना तुमचा धर्म टिकला कसा, घटस्फोट कोणत्या विधीने झाले, असे प्रश्न होते. निदर्शने झाली, धरणे धरले गेले, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या वंशात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे आढळले. सणांची नावे त्यापूर्वीच हे सांगत होती, पण वेगळ्या भाषेत. मिश्रण हे विस्मृतीचे लक्षण मानणाऱ्यांना ती भाषा ऐकू येत नव्हती.

जुन्या नावांपैकी सगळी गेली नाहीत. अलिबागच्या इस्राईल आळीत १८४८ पासून सिनेगॉग आहे. जवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथे आणि इस्राएलमधल्या घरांतही नवसाला मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वर फळे. ताटाभोवती हिब्रू प्रार्थना म्हणतात, आणि ताटाला अजून मलिदाच म्हणतात.