रानातील शिलावर्तुळे

इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचाही इतिहास असतो. तो वाचावयाचा तर रानात पायी जावे लागते. आपल्या वर्धा जिल्ह्यातील खैरवाड्याला फाल्गुन-चैत्रात जावे. पळस फुललेला असतो, गवत वाळलेले असते, आणि एरवी झाकलेले दगड उघडे पडतात.

पहिला दगड नुसताच दगड वाटतो. अर्धा जमिनीत, काळा, ओबडधोबड. जवळच दुसरा, पुढे तिसरा. त्यांच्या कडेने चालत राहिलो की आपण फिरून पहिल्यापाशीच येतो. तेव्हा उमगते की हे शिलावर्तुळ आहे, आणि आत आहे ते कोणाचे तरी दफन.

या दगडांचा शोध जिवावरही बेतला आहे. बुटीबोरीजवळील टाकळघाटची वर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. पुढे १९६८-६९ मध्ये डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तेथे उत्खनन केले. टाकळघाटला वस्ती सापडली, शेजारच्या खाप्याला दफने. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे लोक लोखंड वापरीत. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर माणसांबरोबर साज चढवलेले घोडेही पुरलेले आढळले. आणि त्यांची घरे? ती मातीला मिळाली. जिवंतांसाठी माती, मृतांसाठी मात्र धोंडे, असा त्यांचा हिशेब दिसतो.

परंतु हे धोंडेही अमर नाहीत. नांगराला अडतो म्हणून एखादा दगड धुऱ्यावर जातो, दुसरा पायात जातो. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? हे काय आहे, हे त्याला सांगावयास आपण शहरवासी कधी गेलो? एकट्या दगडाला अर्थ नाही. अर्थ आहे तो त्यांच्या मांडणीत. ती मोडली की उरते ती केवळ खडी.

म्हणून श्रोतेहो, आपण जावे, पाहावे, पण काही हलवू नये, उचलू नये. गावच्या पारावर घटकाभर बसून दोन शब्द सांगावेत, दोन ऐकावेत. दगड मोडताना दिसला तर पुरातत्त्व खात्याला कळवावे. दगड पुष्कळ मिळतील. त्यांची जागा एकदा गेली की पुन्हा मिळणार नाही.